खेकड्याचे कवच आणि त्याचा आहार

बालाघाटाच्या रांगेतून उतरून बीड शहरातून वाहणाऱ्या बिंदुसरेच्या, अथवा माजलगावच्या धरणाने अडविलेल्या सिंदफणेच्या काठी दगडाखाली दडून बसणारा खेकडा हा कोकणच्या समुद्रातील शेवंडाचा दूरचा आप्त असून, दोघांचेही कवच कायटिन, प्रथिने आणि चुना या तीन द्रव्यांचे घडलेले असते. प्राणी वाढतो, कवच वाढत नाही. म्हणून त्याला वेळोवेळी कात टाकावी लागते, आणि त्या समयी त्याचे अंग मऊ व सर्वस्वी अरक्षित होते.

समुद्रजलात चुन्याचा अंश विपुल असल्यामुळे शेवंडाची गरज कल्ल्यांवाटे पुष्कळशी भागते. गोड्या पाण्यात मात्र तो तुटपुंजा, आणि म्हणूनच तेथील खेकड्यांच्या कित्येक जाती कात टाकण्यापूर्वीच जुन्या कवचातील काही चुना रक्तात वसूल करून घेतात, व उरलेल्याची तजवीज टाकलेली कात खाऊन आणि कवचासह फोडलेल्या गोगलगाईंतून करतात. जीव किती विलक्षण काटकसरी! तथापि चुना एकटा पुरत नाही. ज्या जाळ्यात तो साठतो ते विणण्यास प्रथिने लागतात, म्हणून निकृष्ट आहारावर पोसलेल्या प्राण्याचे कवच पातळ राहण्याचा संभव असतो. रंगही अन्नातूनच येतो: रंगद्रव्यरहित खाद्यावर वाढविलेले शेवंड फिकट निळसर दिसतात.

बाजारात मऊ खेकडा आढळल्यास तो रोगटच असेल असे मात्र समजू नये. बहुधा त्याने नुकतीच कात टाकलेली असते.