कोळंबीची सालं आणि विषारी क्रोमियम 🦐

आगरदांड्याच्या राजपुरी खाडीतली कोळंबी आपण चवीनं खातो आणि सालं फेकून देतो. त्या सालांत कायटिन असतं. क्षार आणि प्रथिनं काढून ते तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवलं की कायटोसान मिळतं.

इलेक्ट्रोप्लेटिंगच्या सांडपाण्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असतं. आम्लधर्मी पाण्यात कायटोसानच्या अमाइन गटांवर धनभार येतो आणि ऋणभारित क्रोमेटच्या रूपातलं हे क्रोमियम त्यांना चिकटतं. यालाच अधिशोषण म्हणतात. नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसाही हे काम करतो.

नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात या क्रोमियमची भारतातली मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे.

एक लक्षात ठेवा: क्रोमियमनं भरलेलं अधिशोषक हा घातक कचरा आहे. तो उकिरड्यावर टाकला, तर सगळी मेहनत पाण्यात!