मन एकच, ते देवाला कसं द्यायचं?

आज आपण देवाच्या भक्तीविषयी बोलू. आपल्या ख्रिस्ती मैत्रिणी नेहमी एक खंत सांगतात. सोयाबीन सोंगायला आलं की पहाटेपासून रात्रीपर्यंत हात रिकामा नसतो. रविवारी उपासनेला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मग सगळं मन देवाला द्यायचं कधी?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायात एका शास्त्र्यानं प्रभू येशूला विचारलं, सर्वांत मोठी आज्ञा कोणती? येशूनं सांगितलं, की देवावर प्रेम करताना मन, जीव, बुद्धी आणि ताकद यांतलं काहीच मागे ठेवू नका. आणि लगेच दुसरी आज्ञा जोडली, ती शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करण्याची. यात ताकदही आली. म्हणजे निंदणी करून दुखणारे हात आणि भाकरी थापणारे हातही आले. किती तास प्रार्थना करायची, ते मात्र येशूनं इथं सांगितलं नाही.

त्याच अध्यायात एका गरीब विधवेची गोष्ट आहे. श्रीमंतांनी दानपेटीत खूप टाकलं, तिनं दोनच लहान नाणी टाकली. येशूनं तिचं दान मोठं मानलं, कारण तिनं उरलेलं नाही, होतं ते दिलं. याचा अर्थ घरखर्चाचे किंवा गटाच्या हप्त्याचे पैसे दानपेटीत टाकावेत असा नाही. देवासाठी उरलंसुरलं मन ठेवू नये, हा त्याचा अर्थ.

हे जगून दाखवणारी बाई आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त भेटला तो काही वर्षांनी. म्हणजे धर्म स्वीकारणं आणि मन वाहणं यांत अंतर असतं, आणि ते हळूहळू कापावं लागतं.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली आणि बाया त्यांनी आणल्या, आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे प्रार्थना होई, तशी शेतीही होई, विणकाम होई, छापखाना चाले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत बाया राबत. साध्या बायांना कळावं म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी त्यांनी हे काम सोडलं नाही. 1922 मध्ये त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या जगण्यात प्रार्थनेची खोली आणि कामाची खोली वेगळी नव्हती.

आपल्या जिल्ह्यातही उदाहरण आहे. नाझरीन मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 मध्ये भारतात आल्या. वाशीमला मुलींच्या शाळेच्या जुन्या इमारतीत त्यांनी दवाखाना सुरू केला. तोच पुढे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल झाला. रोग्याची जखम धुणं हीसुद्धा त्यांची उपासनाच होती.

मग आपण रोज काय करायचं? सकाळी चूल किंवा गॅस पेटवताना दोन वाक्यांची प्रार्थना पुरते: प्रभू, आजचा दिवस तुझा, माझ्या हातांना सांभाळ. शेतात मुकादम बघत नसला तरी ओळ नीट निंदायची. गटाच्या वहीत रक्कम लिहिताना देवासमोर बसल्यासारखं लिहायचं. रविवारी मोठ्यानं गीत गायलं आणि सोमवारी मैत्रिणीचा हप्ता मुद्दाम अडवला, तर मन दोन ठिकाणी वाटलं गेलं. ज्या जावेशी अबोला आहे तिच्याशी आधी एक शब्द बोलायचा. रात्री अंथरुणावर दिवस आठवायचा, चुकलं ते देवाला सांगायचं, आणि निवांत झोपायचं.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. घरातला मार मुकाट्यानं सोसणं म्हणजे भक्ती नव्हे. रमाबाईंनी छळलेल्या बायांना सोसत राहा म्हटलं नाही, त्यांना छप्पर दिलं. क्षमा करायची, पण मदतही मागायची. अशी बहीण गटात आली तर तिच्या सोबत उभं राहणं, हीच शेजाऱ्यावरची प्रीती.

रविवारी जमेल तेव्हा उपासनेला जरूर जा. चार जणींसोबत प्रार्थना केली की एकटीचा धीर वाढतो. पण ज्या रविवारी शेतात जावं लागेल, त्या दिवशी देव मागे राहिला असं समजू नका. विळा हातात घेताना त्याचं नाव घ्या. तो त्या धुऱ्यावरही आहे.