समजून घ्या : ‘टाको बेल’चा टाको मूळचा कोणाच्या स्वयंपाकघरातला?

शिक्षण किंवा नोकरीसाठी हिमायतनगरहून पुण्या-मुंबईला गेलेली मुले मॉलमध्ये ‘टाको बेल’चा जो कुरकुरीत टाको मागवतात, तो या कंपनीच्या संस्थापकाने एका कौटुंबिक खानावळीत खाल्ला, पाहिला आणि उचलला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन बर्नार्डिनो शहरात 1937 मध्ये सुरू झालेला ‘मित्ला कॅफे’ आजही त्याच कुटुंबाकडे आहे. टाको बेलची दुकाने मात्र जगभरात हजारोंनी झाली.

टाको म्हणजे नेमके काय?

मक्याची पातळ पोळी, म्हणजे टॉर्टिया, दुमडून त्यात सारण भरले की झाला टाको. मित्लात मिळणारा प्रकार तळलेला. आत खिमा, वर लेट्यूसची पाने, टोमॅटो आणि किसलेले चीज. तळलेला मसाला पापड मधोमध दुमडला तर दिसेल तसा.

मक्याची भाकरी दुमडली की तुटते, मग टॉर्टिया का तुटत नाही? मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, साल काढतात आणि ओलाच वाटतात. चुन्यामुळे पीठ चिकट होते आणि पोषणही वाढते. मका आणि आपल्या ठेच्यातली मिरची, दोन्हींचे माहेर मेक्सिकोच. युरोपीय जहाजांतून ती इकडे आली. चुन्याची युक्ती तेवढी मागे राहिली.

ही खानावळ कोणाची?

लुसिया रॉड्रिगेझ यांनी ती माउंट व्हर्नन अॅव्हेन्यूवर सुरू केली. हा रस्ता तेव्हा प्रसिद्ध ‘रूट 66’ महामार्गाचा भाग होता. शहराच्या या पश्चिम भागात रेल्वेच्या यार्डात आणि संत्र्यांच्या बागांत राबणारी मेक्सिकन कुटुंबे राहत. त्यांच्यासाठी मित्ला ही जेवणाची जागा होतीच, शिवाय बसण्या-बोलण्याचीही.

या बोलण्यातून एक मोठे प्रकरण उभे राहिले. शहराच्या सार्वजनिक जलतरण तलावावर मेक्सिकन वंशाच्या लोकांना मज्जाव होता. कर भरायचा, पण पोरांनी पाण्यात उतरायचे नाही. याविरुद्ध 1943 मध्ये समिती स्थापन झाली, तिच्या बैठका मित्लात होत. महापौर सेकॉम्ब यांच्यावर थेट खटला भरला गेला. न्यायाधीश लिऑन यँकविच यांनी फेब्रुवारी 1944 मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली. हा खटला लढवणारे वकील डेव्हिड मार्कस पुढे शाळांतील वेगळ्या वर्गांविरुद्धच्या ‘मेंडेझ विरुद्ध वेस्टमिन्स्टर’ खटल्यातही उभे राहिले. टाकोची गोष्ट सांगताना हा भाग सहसा गाळला जातो, खरे तर तोच मोठा आहे.

मग ग्लेन बेल कुठून आले?

समोरच्या बाजूने. मरीन दलातून परतलेले बेल यांनी 1948 मध्ये सॅन बर्नार्डिनोत हॉट डॉगचा ठेला टाकला. मॅकडोनाल्ड बंधूंचे हॉटेलही याच शहरात, त्यामुळे झटपट विक्रीचे गणित बेल यांच्या डोळ्यांसमोरच होते. पुढे त्यांचा एक ठेला मित्लाच्या समोर आला. मित्लापुढची टाकोसाठीची रांग त्यांना रोज दिसे. ते तिथे जेवत, घरी जाऊन तसाच टाको करून पाहत. अखेर कुटुंबाने त्यांना स्वयंपाकघरातही नेले, असे सांगितले जाते.

बेल यांची भर होती ती वेगाची. प्रत्येक टाको मागणीनुसार तळण्यात वेळ जाई. त्यांनी कोंबड्यांची खुराडी बनवणाऱ्या कारागिराकडून तारेचा साचा करून घेतला. त्यात पोळ्या आधीच तळून ठेवायच्या आणि गिऱ्हाईक आले की फक्त भरायच्या. किंमत 19 सेंट. ‘टाको टिया’, ‘एल टाको’ अशी दुकाने काढत 1962 मध्ये ते ‘टाको बेल’पर्यंत पोहोचले आणि 1978 मध्ये पेप्सिकोने ही साखळी सुमारे साडेबारा कोटी डॉलरच्या शेअर्समध्ये घेतली.

कुटुंबाला काहीच मागता आले नसते का?

अवघडच होते. नुसत्या पाककृतीवर कॉपीराइट मिळत नाही. आपल्याकडे भौगोलिक मानांकन असते. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोळीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना ते मिळालेही आहे. पण ते मानांकन प्रदेशाच्या मालाला मिळते, एका घराच्या हातखंड्याला नाही. व्यवसायातले गुपित कायदा राखतो खरा, पण शेजाऱ्याला प्रेमाने चुलीपाशी नेले की ते गुपित उरत नाही. बेल यांनी कायदा मोडला असे म्हणता येत नाही. चव मात्र त्यांची नव्हती, एवढे म्हणायलाच हवे.

अमेरिकेतील पत्रकार गुस्तावो अरेल्लानो यांनी 2012 मध्ये ‘टाको यूएसए’ या पुस्तकात ही कहाणी मांडली, त्यानंतर मित्लाचे नाव शहराबाहेर पोहोचले.

बेल यांचे जानेवारी 2010 मध्ये निधन झाले. त्याच वर्षी टाको बेलचे भारतातील पहिले दुकान बेंगळुरूत उघडले. इथे शाकाहारी गिऱ्हाइकासाठी टाकोत खिम्याऐवजी बटाटा आणि पनीर आले.