चिमण्या हातांची उन्हाळी बेगमी

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याचे काय, असे एखादी वाचक भगिनी म्हणेल. पण संसार करणाऱ्या बाईला बेगमीचे महत्त्व मी काय सांगावे! कुरडयांचे गहू आणि पापडाचे उडीद ऐन वेळी धावपळ करून आणले, तर पदार्थ मनासारखा उतरत नाही. मुलांच्या सुटीचेही तसेच आहे. एप्रिल उजाडतो, बालवाडी बंद होते आणि घरातले चार वर्षांचे रत्न "आई, मी काय करू?" म्हणत दिवसभर पदराशी झोंबू लागते. मग त्याच्या हाती मोबाइल देऊन आपण मोकळ्या होतो. म्हणून उन्हाळ्याचा विचार आत्ताच, फराळाचे डबे भरता भरता करू या.

मी नगरची. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण आमच्या पिढीच्या तोंडून अजून 'नगर'च निघते. बालवाडीत बरीच वर्षे काढली. आता दर उन्हाळ्यात सकाळी आठ ते दहा या वेळात माझ्या ओसरीवर शेजारची सात-आठ पोरे जमतात. फी नाही, पाटी नाही, गणवेश तर मुळीच नाही. दहानंतर आमच्याकडचे ऊन असे तापते, की मोठ्यांनीही बाहेर पडू नये.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या सूनबाई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. त्याच्या हातात रेघांची वही होती.

"काकू, जूनमध्ये हा मोठ्या गटात जाईल. वर्गात सांगितलंय, सुटीत बाराखडी गिरवून घ्या. हा पेन्सिल धरली की रडतो. तुम्हीच काही तरी करा."

मी त्याचा हात हातात घेतला. बोटे लोण्यासारखी मऊ! पेन्सिल मुठीत धरून तो कागदावर सगळा खांदा रेटत होता.

"सूनबाई, वही जूनपर्यंत कपाटात ठेवा," मी म्हटले. "याला माती द्या."

"माती? आणि अक्षर कच्चं राहिलं तर?"

ही भीती आज घराघरात आहे, म्हणून तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. अक्षर काढायला अंगठा आणि दोन बोटे यांची चिमूट लागते, मनगट सैल फिरावे लागते, आणि डोळा जिकडे सांगेल तिकडे हात वळावा लागतो. चौथ्या वर्षी मनगटाची काही हाडे अजून कूर्चेचीच असतात. ते हात पुस्ती गिरवून नव्हे, तर मळून, चिमटीत धरून, ओवून, फाडून तयार होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचे शिक्षण खेळातून आणि कृतीतून द्यावे, असेच म्हटले आहे.

आपल्याकडे तर हे फार आधी सांगून झाले आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीबाईंची साधने सुबक खरी, पण महाग. खेड्यातल्या पोरांना ती कुठून मिळणार? तेव्हा या दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतूनच साधने उभी केली. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडीच त्याच्या अंगणात न्यावी, हा अंगणवाडीचा विचारही त्यांचाच. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या सरकारी योजनेने हेच नाव देशभर नेले. कोसबाडला समुद्र जवळ होता, म्हणून शिंपले आले. आपण नगरकरांनी आपल्या भुईकडे पाहावे.

माती आणि पाण्याचा हिशेब

आमची काळी माती मोठी मानी. पाणी प्यायली की फुगते, वाळली की तडकते. नुसत्या काळ्या मातीचा हत्ती दुसऱ्या दिवशी चार तुकड्यांत मिळतो आणि मूल भोकाड पसरते. म्हणून माती चाळून घ्यावी, तिच्यात तिसरा हिस्सा बारीक वाळू आणि मूठभर गव्हाचा भुसा घालावा, रात्रभर भिजवावी आणि सकाळी कणकेसारखी तिंबावी. वस्तू सावलीत वाळवाव्या.

आता पाणी. अकोले तालुक्याचा डोंगरी भाग सोडला, तर आमचा बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्या घरांत आहेत, तेथे चिखलासाठी पाणी मागणे हा गुन्हाच! म्हणून आमच्या ओसरीवर तांदूळ आणि भाजी धुतलेलेच पाणी मातीत जाते. ते आणायचे काम मुलांचे. चार वर्षांचे पोर तांब्या न सांडता दारापर्यंत आणते, तेव्हा ते हस्तव्यवसायही शिकते आणि पाण्याची किंमतही.

धाटाची बैलगाडी

नगर जिल्हा रब्बी ज्वारीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघते, आणि उन्हाळ्यात जिकडे तिकडे कडब्याच्या गंजी दिसतात. गावाकडून येणाऱ्या कुणाला एक पेंढी आणायला सांगा. धाटाची साल निघाली, की आत पांढरे, हलके भेंड मिळते. सालीच्या चोया भेंडात खुपसल्या की जोड घट्ट बसतो. खिळा नको, डिंक नको. अशी बैलगाडी आपल्या आजोबांनी केलेली आहे. त्यांनाच पुढे बसवा. मात्र एक काळजी घ्यावी. सालीची धार पात्यासारखी कापते, तेव्हा साल मोठ्यांनीच काढावी आणि चोयांच्या कडा घासून द्याव्या. तीन वर्षांच्या मुलाने भेंडाचे तुकडे नुसते ओळीने मांडले तरी पुष्कळ. पाचव्या वर्षी चाके येतात.

चिंचोके, कागद, रंग

चिंचा फोडल्या की चिंचोके टाकू नयेत. धुऊन, वाळवून डब्यात भरावे. मातीच्या थापीत ते टोचून मुले नक्षी काढतात, मोजतात, लहानमोठे वेगळे करतात. उरलेल्यांची खळ करावी. चिंचोके भाजून टरफल काढावे, भिजवून वाटावे आणि पाण्यात शिजवावे. आपल्याकडे घोंगडी विणणारे सनगर ताण्याला हीच खळ लावतात. हिने जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे पुठ्ठ्यावर छान चिकटतात. कागद कात्रीने कापू देऊ नका, बोटांनी फाडू द्या. चिमटीचा सगळ्यात उत्तम व्यायाम तोच. पुढे कागदाच्या पट्ट्या एकीखालून एक घालून चटई विणता येते.

रंगांसाठी हळद, गेरू आणि बीट पुरेत. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की पिवळ्याचे तांबूस होते. तो क्षण पाहताना मुलांचे डोळे पाहावे! लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये. डोळ्यांत गेला तर इजा होते.

बियांबाबत आणखी एक सूचना फार गंभीर आहे. लाल-काळ्या गुंजा, पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, एरंडाच्या व धोतऱ्याच्या बिया विषारी असतात. त्या घरात नकोतच. आणि ज्या मुलाला अजून सारे तोंडात घालायची सवय आहे, त्याच्यापुढे चिंचोकेही नकोत. आंब्याच्या वाळलेल्या कोयी द्याव्या.

आईने केलेला हत्ती

सर्वांत अवघड धडा आपल्यालाच शिकायचा आहे. मुलाने बैल केला, त्याला पाच पाय झाले, की आपला हात शिवशिवतो. आपण पटकन एक पाय काढतो, शिंगे नीट करतो. बैल सुंदर होतो, पण तो आता मुलाचा राहत नाही. मूल उठून जाते आणि दुसऱ्या दिवशी म्हणते, "आई, तूच करून दे." सुबक वस्तू बाजारात मिळते, मुलाच्या हाताला आलेला भरवसा मिळत नाही. म्हणून माझ्या ओसरीवर नियम एकच आहे. मोठ्यांनी हात मागे बांधून बसावे आणि विचारले तरच बोलावे.

त्या रेघांच्या वहीवाल्या मुलाचे काय झाले, ते सांगते. जूनमध्ये त्याला बाराखडी येत नव्हती. पण तो अर्धा तास एका जागी बसत होता, भेंडाचे तुकडे सुतळीत ओवत होता, आणि पेन्सिल दिली तर चिमटीत धरून तिने गोल गोल चाके काढत होता. रडणे थांबले होते. सूनबाईंनी वर्गात जाऊन बाईंना ती चाके दाखवली आणि म्हटले, "अक्षरांना थोडा वेळ द्या." मला वाटते, त्या सुटीत मुलापेक्षा आईच जास्त शिकली.

आता तुमच्या अंगणात थोरल्यांचा किल्ला उभा राहत असेल. आमच्या गावच्या मुलांचा किल्ला बहुधा डोंगरी नसतो. गोल तट आणि भोवती खंदक, कारण समोर भुईकोट आहे, जेथे १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू कैदेत होते. त्या मातीत धाकट्यालाही बसवा. त्याचा बुरूज वाकडा झाला, तरी तसाच राहू द्या. आणि दिवाळी सरल्यावर किल्ला मोडाल, तेव्हा ती माती फेकू नका. चाळून एका जुन्या डब्यात भरून ठेवा. एप्रिलची बेगमी झाली!