पीटीओचा क्लच

नाशिकच्या द्राक्षबागांत ब्लोअर चालवणाऱ्याला ट्रॅक्टर मध्येच थांबवावा लागतो, पण पंखा आणि पंप फिरतच राहायला हवेत. ही सोय ड्युअल क्लचची. पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकं सुटतात, पूर्ण दाबलं की पीटीओ, म्हणजे मागचं यंत्र फिरवणारा शाफ्टही सुटतो.

इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९१८ साली आपल्या ८-१६ ट्रॅक्टरला पीटीओ दिला, तेव्हा हे शक्य नव्हतं. क्लच दाबला की चाकांबरोबर मागचं यंत्रही बंद पडायचं. कॅनडाच्या कॉकशट कंपनीचा '३०' १९४७ च्या सुमारास स्वतंत्र पीटीओ घेऊन आला. फर्ग्युसन ३५ सारख्या ट्रॅक्टरांनी पुढे एकाच पेडलला दोन टप्पे दिले. त्यासाठी फ्लायव्हीलमागे दोन प्लेटा बसवल्या, एक चाकांची, दुसरी पीटीओची. पीटीओचा शाफ्ट पोकळ असतो आणि गिअरबॉक्सचा त्याच्या आतून जातो.

तक्रारी दोन येतात. पहिली, क्लच घसरतो. इंजिनचा आवाज भरलेला असतो, पण रोटाव्हेटर घट्ट रानात अडतो आणि जळका वास येतो. जुन्या मॅसी फर्ग्युसनमध्ये हायड्रॉलिक पंपही पीटीओच्याच शाफ्टवर चालतो. लिफ्ट जड अवजार उचलताना दमत असेल, तर पंप खोलण्याआधी क्लचचा विचार करावा. दुसरी तक्रार म्हणजे पेडल तळापर्यंत दाबूनही शाफ्ट फिरतच राहतो. मला ही जास्त भयंकर वाटते. पीटीओचा ५४० आरपीएम वेग म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्ट थांबला असं समजून पात्यांत अडकलेला वेल काढायला कुणी वाकला, तर सदऱ्याची बाही गुंडाळायला क्षणही लागत नाही. म्हणून कुठल्याही तपासणीआधी इंजिन बंद, चावी खिशात.

चांगला मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. आधी पेडलचा फ्री प्ले बघतो. तो संपला असेल, तर रिलीज बेअरिंग कायम क्लचच्या फिंगरवर टेकलेलं राहतं आणि प्लेट पूर्ण दाबली जात नाही. मग बेल हाउसिंगखालच्या भोकात बोट घालतो. काळं, पातळ तेल आलं तर क्रँकचं मागचं सील गेलंय. जाडसर, उग्र वासाचं आलं तर गिअरबॉक्सचं. सील न बदलता नवी प्लेट टाकणं म्हणजे शेतकऱ्याचे पैसे पाण्यात घालणं आहे, आणि हे सर्रास होतं.

मग इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे. त्याआधी पुढच्या अॅक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकतात, नाहीतर सुटं झालेलं इंजिन एका अंगाला कलंडतं. प्लेट हातात आली की रिव्हेट बघायचे. त्यांची डोकी लायनिंगच्या पातळीला आली असतील, तर ती प्लेट संपली. तेल प्यायलेली प्लेट डिझेलने धुऊन परत बसवू नये. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील, तर ते लेथवाल्याला दाखवायचं. शाफ्टच्या स्प्लाइनवर नख फिरवलं की कडेला पडलेली खाच लगेच लागते. त्या खाचेत प्लेट अडली, की पीटीओ सुटत नाही.

बसवताना डमी शाफ्टने दोन्ही प्लेटा मधोमध आणतात. फिंगर एका उंचीला, आणि पीटीओच्या टप्प्याची फट कंपनीच्या मापाने, फीलर गेज लावूनच. अंदाजाने आवळलेल्या स्क्रूमुळे दुसरा टप्पा लवकर तरी सुटतो, नाहीतर सुटतच नाही.

पहिली चाचणी अवजार न जोडता करायची. नंतर रोटाव्हेटर लावून, आधी भुसभुशीत रानात. दोन-चार दिवसांच्या कामानंतर फ्री प्ले पुन्हा मोजायला ट्रॅक्टर परत बोलवायचा.