चाँदरातीची नखं

रमजानचे शेवटचे आठ-दहा दिवस आले की मणियारांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. काचेच्या बांगड्यांशेजारी मेंदीचे कोन येतात, सुरम्याच्या कुप्या येतात. अलीकडे आणखी एक गोष्ट टांगलेली दिसते. चपट्या पारदर्शक डब्यांत ओळीने मांडलेली गुलाबी, मोतिया, सोनेरी कडांची नखं. दुकानात त्यांना ‘प्रेस-ऑन’च म्हणतात. बुरख्यातल्या मुली ती घेतात, तशा शेजारच्या लग्नघरातल्याही घेतात. प्रश्न मात्र वेगळे असतात. लग्नघरातली विचारते, किती दिवस टिकतील? नमाजी मुलगी विचारते, किती लवकर निघतील?

रोजा आणि नखं यांचा थेट संबंध नाही. नख रंगवलं म्हणून रोजा तुटत नाही. प्रश्न येतो तो नमाजआधीच्या वजूचा. हात, तोंड, पाय धुताना पाणी त्वचेला आणि नखाला प्रत्यक्ष लागलं पाहिजे, अशी अट आहे. मेंदी चालते, कारण ती नखात मुरते. वर थर राहत नाही. नेलपॉलिशचा थर राहतो आणि पाणी अडतं. दिवसातून पाच वेळा रिमूव्हर चोळत कोण बसणार?

म्हणून कित्येक घरांत मुली नेलपॉलिश लावतात ते नमाज माफ असलेल्या मासिक पाळीच्या दिवसांतच. त्याचा परिणाम असा की, रंगलेली नखं पाहिली की घरातल्या सगळ्यांना कारण कळतं. लाजऱ्या मुलीला हे नकोसं होतं, पण त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीने हवा-पाणी आत जाऊ देणारं नेलपॉलिश आणलं, तेव्हा जगभरच्या मुस्लिम मुलींनी त्याचं स्वागत केलं ते यामुळेच. त्याने वजू होतो की नाही, यावर उलेमांचं एकमत मात्र झालं नाही. चिकटवायच्या नखांबाबतही मतं वेगळी आहेत. काहींना ती मुळातच पसंत नाहीत. पण ती काढून ठेवता येतात, आणि नमाज न चुकवता नटण्याची सोय त्यातच आहे.

त्यासाठी घेताना एक गोष्ट नीट पाहावी. डब्यात गोंदाची बारीक नळी असते किंवा जेलीसारख्या चिकट पट्ट्या. गोंदाची नखं आठवडाभर हलत नाहीत. नमाज पढणारीने त्या वाटेला जाऊ नये. शिवाय हा गोंद सुती कपड्यावर सांडला तर एकदम तापतो आणि चटका बसतो. ईदचा नवा सुती कुर्ता घालून हा उद्योग नकोच. पट्ट्यांची नखं एक-दोन दिवसांचीच, पण हवी तेव्हा निघतात.

माप बांगडीइतकंच महत्त्वाचं. बऱ्याच डब्यांत 24 नखं असतात, लहानमोठ्या मापांची. नख एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बसावं, कातडीवर चढू नये. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घेऊन कडा कानशीने घासाव्यात. लांबीचा मोह आवरावा. बिर्याणी बोटांनीच खायची आहे.

आपली नखं आधी कापून घ्यावीत. 40 दिवसांपेक्षा जास्त वाढू देऊ नयेत, असं हदीसमध्ये सांगितलंच आहे. ईदच्या आधी तर सगळेच कापतात. मग साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. इफ्तारची भजी तळलेले हात किंवा निलगिरी तेल लावून मेंदी गडद केलेली बोटं, दोन्हींवर पट्टी धरत नाही. म्हणून मेंदी चाँदरातीला, नखं दुसऱ्या दिवशी. नख मुळाकडून टेकवत टोकाकडे दाबावं, म्हणजे आत हवा राहत नाही, आणि अर्धा मिनिट धरून ठेवावं. अंगठे शेवटी, बाकीची दाबायला तेच लागतात.

वजू करून मग नखं लावली तर तो वजू टिकेपर्यंत काही अडत नाही. ईदच्या दिवशी फजर आणि जोहर यांच्यामध्ये सहा-सात तास मिळतात, आणि पाहुण्यांची गर्दीही तेव्हाच असते. मात्र शिरखुर्म्याचं पातेलं उतरेपर्यंत थांबावं. प्लास्टिकची नखं गॅसजवळ नेणं धोक्याचं, आणि कणकेत एखादं हरवलं तर सासूबाईंना काय सांगणार?

काढताना ओढायचं नाही. ओढल्याने आपल्या नखाचा पापुद्रा निघतो, आणि हाताचं नख मुळापासून पूर्ण यायला सहा महिने लागतात. कोमट साबणपाण्यात दहा मिनिटं बोटं बुडवावीत, कडेला तेलाचा थेंब सोडावा, लाकडी काडीने हलकेच बाजूने सैल करावं. पट्टीचा चिकटा उरला तर वजूला तोही आड येतो. तेलाने पुसून पुन्हा साबण लावावा. नख हिरवट दिसलं किंवा कडेला खाज सुटली तर ती नखं परत लावू नयेत, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

नीट काढलेली नखं पुसून त्याच डब्यात मापाप्रमाणे ठेवावीत. पट्ट्या वेगळ्या मिळतात, आणि बकरी ईद सव्वादोन महिन्यांवर असते.