खत मुळावर उठते तेव्हा

अमेरिकेत बोस्टनच्या उत्तरेला समुद्रकाठी सुमारे 20 हजार एकरांवर ‘ग्रेट मार्श’ नावाची खारी दलदल पसरली आहे. आपल्या खाजणांसारखेच तिचे जगणे भरती-ओहोटीवर चालते. फक्त तिथल्या कडक हिवाळ्यात तिवरे तग धरत नाहीत. त्यांच्या जागी स्पार्टिना नावाचे गवत उभे असते.

या दलदलीत फावडे मारले तर मातीइतकीच मुळे हाती येतात. जिवंत मुळे, मेलेली मुळे आणि त्यांच्या जाळीत अडकलेला भरतीचा गाळ. चिखलात ऑक्सिजन नसल्याने मेलेली मुळे फार सावकाश कुजतात आणि थरावर थर चढत जातो. समुद्राची पातळी वाढत असताना दलदल टिकते ती या थरांच्या जोरावर. हवेतला कार्बनही तिथेच गाडला जातो. वादळात असे पट्टे पाण्याचा जोर मोडतात. 2012च्या सँडी वादळात किनारी पाणथळींमुळे पुराचे सुमारे 62.5 कोटी डॉलरचे नुकसान टळले, असा हिशेब संशोधकांनी 2017मध्ये मांडला.

शहरांचे सांडपाणी आणि शेतांतले खत या दलदलीत उतरले तर? नायट्रोजन मिळाला की गवत जोमाने वाढते, जादा नायट्रोजन दलदल पचवून टाकते, असा भरवसा बरीच वर्षे होता. संशोधक लिंडा डीगन आणि सहकाऱ्यांनी तो तपासायचे ठरवले. याच परिसरातल्या प्लम आयलंडच्या खाडीत काही ओहोळांमध्ये त्यांनी भरतीच्या पाण्याबरोबर नायट्रेट सोडले. शेजारचे ओहोळ तसेच ठेवले. मात्राही अचाट नव्हती. दाट वस्तीच्या अनेक किनाऱ्यांवर पाण्यात असते, तेवढीच. हा प्रयोग नऊ वर्षे चालला.

आधी ओहोळाकाठचे गवत उंच, हिरवेगार झाले. अन्न पाण्यातूनच आयते मिळू लागल्यावर त्याने मुळे मात्र कमी धरली. त्यात नायट्रेटने दुसरा घात केला. चिखलातले जिवाणू ऑक्सिजनऐवजी ते वापरून जुन्या मुळांचा थर भराभर कुजवू लागले. काठ भुसभुशीत झाला, पाणी धरून राहू लागला. मग कडेला समांतर भेगा पडल्या आणि गवतासकट मोठाले ढपले ओहोळात घसरले. मागे उरला उघडा चिखल. 2012मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने हे निष्कर्ष छापले.

मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते ती ही, की काठ ढासळण्याआधी तिथले गवत नेहमीपेक्षा जोमदार दिसत होते.

 

तिवरांचा अनुभवही फार वेगळा नाही. 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खत घातलेल्या तिवरांची वाढ मुळांपेक्षा फांद्या-पानांकडे झुकलेली आढळली, आणि पाऊस कमी असलेल्या, जास्त खारट जागी अशी झाडे अधिक मेली.

ठाणे खाडीला 2022मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तिच्या काठावर किती तिवरे उरली हे मोजताना तिच्यात उतरणाऱ्या सांडपाण्यातला नायट्रोजनही मोजला जावा, आणि तो आकडा दरवर्षी लोकांपुढे ठेवला जावा.